प्रिय लेखकाची पत्रे

ज्या लेखकाने आयुष्यभर लोकांपासून अंतर राखले, त्याची खासगी पत्रे त्याच्या मागे वाचावीत का, हा प्रश्न त्रयस्थ वाचकाला फारसा अडवत नाही. तो निष्ठावंताला अडवतो, कारण लेखकाविषयी सारे जाणून घेण्याची ओढ आणि त्याच्या इच्छेचा मान राखण्याची जबाबदारी, ही दोन्ही एकाच प्रेमातून निघतात. जी. ए. कुलकर्णी यांच्या बाबतीत हा पेच विशेष तीव्र आहे. धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करत आणि सभासंमेलनांपासून दूर राहत त्यांनी कथा लिहिल्या, ‘काजळमाया’ या कथासंग्रहाला मिळालेला १९७३चा साहित्य अकादमी पुरस्कार, प्रकाशनकाळावरून वाद उठल्यावर, परत केला, आणि १९८७ साली त्यांचे निधन झाल्यानंतर त्यांच्या निवडक पत्रांचे खंड निघाले, ज्यांतला पहिला लेखिका सुनीता देशपांडे यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे. चाळीस वर्षे जी.ए. वाचत आलेल्या, पण हे खंड न उघडलेल्या निवृत्त शिक्षिका आणि त्यांचा जुना विद्यार्थी यांच्यातला पुढील संवाद कल्पित आहे.

विद्यार्थी : बाई, ही पत्रे कुणी चोरून आणलेली नाहीत, ज्यांना ती लिहिली गेली त्यांनी ती जपली, म्हणून ती उरली.

बाई : कागद ज्याला मिळतो त्याचा होतो, मजकूर मात्र लिहिणाऱ्याचाच राहतो, हा भेद कायदाही मानतो. गृहीत संमती, म्हणजे ज्याला विचारता येत नाही त्याच्या वागण्यावरून मानलेला होकार, इथे कशाच्या आधारे मानायची? त्यांचे सारे वागणे तर नकाराकडेच बोट दाखवते.

विद्यार्थी : रोजनिशी माणूस स्वतःसाठी लिहितो, पत्र मात्र दुसऱ्यासाठी, आणि या पत्रांत पुस्तकांविषयी इतके मन लावून लिहिले आहे, की ते साहित्यच आहे.

विद्यार्थ्याचा हा मुद्दा भक्कम आहे, आणि तो बाईंनीही नाकारला नाही; त्यांची भीती निराळीच होती.

बाई : कथा संपल्यावर आणखी काही हवेसे वाटते, ती भूक कथेची नसते, माणसाची असते, आणि तो माणूस त्यांनी वाचकाला कधी देऊ केला नव्हता. चरित्रात्मक वाचन, म्हणजे कथेतल्या दुःखाचे मूळ लेखकाच्या आयुष्यात शोधणे, एकदा सुरू झाले, की त्यांच्या कथांतली ती अफाट, कुणालाच न सोडणारी नियती धारवाडच्या एका घरापुरती उरेल.

विद्यार्थी : पत्र कथेची किल्ली न मानता पत्र म्हणूनच वाचता येणार नाही का?

बाई : नव्या वाचकाला येईल, इतक्या वर्षांच्या ओढीला तो संयम जमेल, अशी खात्री देता येत नाही. तू पहिला खंड वाचलास ना? त्यात काय आहे ते सांगू नकोस. त्यानंतर ‘काजळमाया’ वाचताना काही हरवले का, एवढेच सांग.

विद्यार्थी : बाई, त्यानंतर ‘काजळमाया’ अजून उघडलेले नाही.