घरातलीच

दुसऱ्याने केलेली सेवा नाकारणे हा त्याचा सन्मान की अवमान, असा प्रश्न कोणी सभेत विचारला असता तर मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले असते. सीतापुऱ्यात तो प्रश्न एका हातातल्या बॅगेच्या रूपाने पुढे आला आणि उत्तर सुचेना.

सीतापुरा म्हणजे चित्रांतले जयपूर नव्हे. टोंक रस्त्याने दक्षिणेकडे निघून सांगानेर मागे टाकले की ही औद्योगिक वसाहत लागते. तयार कपड्यांचे कारखाने, रत्ने आणि दागिने घडवणाऱ्या निर्यातदारांच्या इमारती, अभियांत्रिकी महाविद्यालये, रुंद आणि धुळकट रस्ते. एका परिसंवादाच्या निमित्ताने तेथील एका अतिथिगृहात मी उतरलो होतो. पन्नाशी उलटलेला एक सेवक दाराशी आला, ‘खम्मा घणी, हुकुम’ म्हणाला आणि माझी बॅग उचलण्यासाठी वाकला. मी ती जवळजवळ हिसकावून घेतली. वयाने माझ्या बरोबरीच्या माणसाने माझे ओझे वाहावे हे मला रुचेना. तो काही बोलला नाही. रिकाम्या हातांनी माझ्यापुढे जिना चढत गेला. त्या रिकाम्या हातांचे काय करावे हे त्याला कळत नव्हते, एवढे मात्र मागून चालताना मला दिसत होते.

त्याच रात्री, भाचीच्या आग्रहाखातर, ‘डाउनटन ॲबी’ या इंग्रजी मालिकेचा सुरुवातीचा एक भाग मी पाहिला. 2010 ते 2015 या काळात ही मालिका प्रसारित झाली आणि जगभर गाजली. विसाव्या शतकाच्या प्रारंभीचे एक उमराव घराणे वरच्या मजल्यांवर राहते, त्याचे नोकरचाकर तळघरात. दोन्ही जगांचे धागे जिन्यावर गुंफले जातात. या भागात मॅथ्यू नावाचा मँचेस्टरचा तरुण वकील घराण्याचा वारस म्हणून येऊन राहतो. त्याच्या दिमतीला मोल्सली नावाचा सेवक दिला जातो. मॅथ्यू स्वतःचा चहा स्वतः ओतून घेतो, कोट स्वतः चढवतो, आणि कपडे घालायला मदत करणे हे प्रौढ पुरुषाला शोभणारे काम नव्हे अशा आशयाचे काहीसे बोलून जातो. मोल्सलीचा चेहरा उतरतो. पुढे घराण्याचा प्रमुख मॅथ्यूला समजावतो, की त्या माणसाचे उपजीविकेचे साधन तू हिरावून घेणार काय? प्रत्येकाला आपापली भूमिका आहे आणि ती वठवू दिली पाहिजे. मॅथ्यूला ते पटते. अखेरीस तो मोल्सलीला बाहीची बटणे निवडू देतो, त्याच्या कामाची वाखाणणीही करतो, आणि मोल्सली खुलतो.

मी अस्वस्थ झालो, कारण उमरावाचा युक्तिवाद मला सायंकाळच्या माझ्या वर्तनावरील टिप्पणीसारखा वाटला. मॅथ्यूची समता आणि माझी समता यांत फारसा फरक नव्हता. दोघांनाही मालक दिसण्याची लाज वाटत होती, आणि त्या लाजेची किंमत दोघांनीही सेवकाकडूनच वसूल केली होती. मॅथ्यूने वारसा सोडला नाही, फक्त चहा स्वतः ओतला.

तथापि त्या युक्तिवादात एक चलाखी आहे. मोल्सलीपुढे दुसरी उपजीविका नाही, हे उमराव जणू ऋतुचक्रासारखे गृहीत धरतो. वस्तुतः गावाची जमीन ज्यांच्या हाती एकवटली, त्यांच्यापैकीच तो एक आहे. 1911च्या शिरगणतीनुसार इंग्लंडात कमावत्या स्त्रियांचे सर्वांत मोठे क्षेत्र घरगुती चाकरी हेच होते. म्हणजे ही मालिका हौसेने पाहणाऱ्या अनेकांच्या पणज्या तळघरातच राबल्या असणार; तरीही पाहणारा मनाने वरच्या दिवाणखान्यात जाऊन बसतो. अशा कथानकांची ही मोहिनी आपल्याकडेही नवी नाही.

राजस्थानात पन्ना धायचे नाव आदराने घेतले जाते. मेवाडच्या बाल उदयसिंहाला बनवीरापासून वाचवण्यासाठी या दाईने त्याच्या पाळण्यात स्वतःच्या मुलाला, चंदनला, निजवले, अशी परंपरागत कथा आहे. आपल्याकडे पन्हाळ्याच्या वेढ्यातून 1660 साली महाराज निसटले तेव्हा त्यांच्या वेषात शत्रूला सामोरा गेलेला शिवा काशीद आहे. दोन्ही कथा अंगावर काटा आणतात. परंतु त्यांत एक भेद आहे, आणि स्तुतीच्या भरात तो बुजतो. शिवा काशीदाने स्वतःचा प्राण दिला. चंदनला कोणी विचारले नव्हते. चाकराची निष्ठा त्याच्या लेकरांपर्यंत पोहोचते, ती त्या लेकरांच्या जन्माआधीच बांधलेली असते, हा त्या व्यवस्थेचा गाभा होता. रजपूत सरदारांच्या घराण्यांत मुलीच्या आंदणात दास-दासी दिल्या जात; त्यांची संतती त्याच घराची चाकरी करी. पेशवाईतल्या कागदांत कुणबिणी आढळतात त्या खरेदी-विक्रीच्या व्यवहारांत, किमतीसह. 1843च्या कायद्याने कंपनीच्या मुलुखात गुलामगिरीचा कायदेशीर आधार काढून घेतला. संस्थानांच्या अंतःपुरांत तो कायदा थेट पोहोचत नव्हता. जयपूरचा रामबाग राजवाडा आज जगप्रसिद्ध हॉटेल आहे. त्या जागी 1835 साली पहिली वास्तू उभी राहिली ती केसर बडारण नावाच्या एका दासीसाठी, असे सांगतात. राजवाडा नंतर झाला आणि 1957 साली त्याचे हॉटेल झाले. दासीच्या बागेत आता पैसे मोजणारा कोणीही राजा होऊ शकतो, हा इतिहासाचा विनोद म्हणावा लागेल.

इतके लांब जाण्याचे कारण मला ठाऊक आहे. जवळचे बोलायचे टाळतो आहे.

1980 साली पुण्यात मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला. त्यातूनच पुढे त्यांची संघटना उभी राहिली. मी त्या वेळी महाविद्यालयात होतो आणि समतेवरची पुस्तके रात्र रात्र वाचत होतो. आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईंना आम्ही भावंडे मावशी म्हणत असू. माझ्या जन्माआधीपासून त्या येत. त्यांचा चहाचा कप मोरीजवळच्या खिडकीत पालथा असे. त्यात मला काही वावगे दिसले नव्हते, किंबहुना तो कप मला दिसलाच नव्हता. संपाच्या दिवसांत त्या आईपुढे उभ्या राहिल्या आणि महिन्यातून दोन खाडे पगार न कापता द्यावेत म्हणाल्या. आईला ते लागले. ती म्हणाली, “अगं, तुला का आम्ही परकी मानतो? तू तर घरातलीच.” मावशी शांतपणे म्हणाल्या, “घरातली हाये, तर मग आजारी पडल्यावर पगार का कापता, वहिनी?”

आई निरुत्तर झाली. तिने दोन खाडे मान्य केले, आणि त्या वर्षी दिवाळीला मावशींना लुगडे दिले नाही. तिला ते अन्यायाचे वाटले नसावे. जी आता हिशेब मागते तिला हिशेबानेच द्यायचे, एवढाच तिचा भाव होता. मीही काही बोललो नाही.

आपलेपणा खोटा होता असे मी म्हणणार नाही. माझ्या कांजिण्यांत मावशी रात्रभर उशाशी बसल्या होत्या, आणि त्यांच्या मुलीच्या लग्नात आईने हातातली एक बांगडी दिली होती. उमराव आणि त्याचा सेवक यांच्यातील जिव्हाळाही खरा असू शकतो. परंतु जो जिव्हाळा वेतनाची मागणी होताच कृतघ्नतेचा आरोप करू लागतो, तो जिव्हाळा काही प्रमाणात वेतनाऐवजी दिलेला असतो. मोल्सलीचा सन्मान बटणे निवडण्यात आहे की नाही, हे बटणांवरून ठरणार नाही. ‘हे काम मला नको’ किंवा ‘याचे इतके मोल द्या’ असे म्हटल्यानंतरही वरचे हसू टिकते का, यावरून ते ठरेल. मालिकेच्या त्या भागात त्याला तसे म्हणण्याचा प्रसंगच दिलेला नाही. महाराष्ट्राने 2008 साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. मंडळाच्या कामाविषयी मतभेद असतील, पण ‘कामगार’ हा शब्द तरी ‘घरातली’ या शब्दाच्या शेजारी येऊन बसला.

सकाळी तो सेवक चहा घेऊन आला तेव्हा मी त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही, उभ्यानेच बोलला. आजोबा एका ठिकाण्यावर चाकरीला होते. जहागिऱ्या 1952च्या कायद्याने गेल्या, तरी आजोबा मरेपर्यंत त्याच रावळ्यात राहिले. मुलगा इथेच सीतापुऱ्यात कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करतो. काम नगावर मोजतात, मान दुखते, मुकादम शिव्या देतो. “मग तुमच्या आजोबांचे बरे होते का?” मी विचारले. तो जरा विचारात पडला. “मुलाची पाळी सुटते, हुकुम,” तो म्हणाला. “आजोबांची सुटत नव्हती.”

निघताना मी बॅग त्याच्या हाती दिली. फाटकाशी रिक्षा उभी होती. मी पैसे पुढे केले, तसे त्याने हात जोडले आणि मागे सरकला. “राहू द्या, हुकुम. तुम्ही तर घरचेच.”

रिक्षावाल्याने दोनदा भोंगा वाजवला. तो पैसे घेईपर्यंत मी हात मागे घेतला नाही.