दिवे लागले, म्हणजे झालं?

गाडीमागे कॅम्पर ओढायची वेळ तुमच्यावर कधी आली असेल, तर हा संवाद तुमच्या ओळखीचा असेल. एक जण स्टिअरिंगवर, दुसरा मागे उभा. "डावा?" "लागला." "उजवा?" "लागला." "आता ब्रेक दाब." "लागला!" मग हात झटकायचे आणि निघायचं.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये नेपरव्हिलला आमच्या ड्राइव्हवेवर हेच झालं. कॅम्पर मित्राचा होता, एसयूव्ही आमची. त्याच्या पिकअपला गोल, सात पिनांचं सॉकेट; आमच्या गाडीला चपटं, चार पिनांचं. मी दुकानातून अ‍ॅडॅप्टर आणला, एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला सात. तो टकदिशी बसला. आदल्या रात्री मित्राने फोनवर विचारलं होतं, "तुझ्याकडे ब्रेकचं सगळं आहे ना?" मी म्हटलं, "हो, हो, आहे." गाडीला ब्रेक असतातच की! प्रश्न मला कळला नव्हता, पण उत्तर देऊन मोकळा झालो होतो.

आता त्या प्लगमध्ये काय असतं ते सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. चपट्या प्लगला चार वायरी: पांढरी अर्थिंगची, तपकिरी टेललाइटची, पिवळी डाव्या बाजूची, हिरवी उजव्या बाजूची. ब्रेक लाइटला वेगळी वायर नाही. ब्रेक दाबला की पिवळी आणि हिरवी एकदम काम करतात. सात पिनांच्या सॉकेटमध्ये याशिवाय आणखी तीन जोडण्या असतात. एक कॅम्परची बॅटरी चार्ज करते, एक रिव्हर्सच्या दिव्याची, आणि एक कॅम्परच्या चाकांतल्या इलेक्ट्रिक ब्रेकची. या शेवटच्या वायरीतून किती करंट सोडायचा हे ठरवणारा कंट्रोलर गाडीत वेगळा बसवावा लागतो. (तुम्ही सिडनीत किंवा लंडनमध्ये हे वाचत असाल, तर तुमचे प्लग वेगळे. प्रश्न तोच.)

साधा अ‍ॅडॅप्टर चाराचे सात करत नाही. तो फक्त आकार जुळवतो. उरलेल्या तीन पिना कशालाही जोडलेल्या नसतात. म्हणजे मी ब्रेक दाबला की 'मी थांबतोय' असं मागच्याला सांगणारा दिवा लागत होता, आणि थांबवणारी वायर कुठेच जात नव्हती. सामानासकट कॅम्परचं वजन साडेतीन हजार पौंडांच्या आसपास होतं. इलिनॉयमध्ये ३,००० पौंडांपेक्षा जास्त एकूण वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात. माझ्यामागच्या ट्रेलरला ते होते. फक्त त्यांना कोणी काही सांगत नव्हतं.

आम्ही निघालो होतो स्टार्व्हड रॉकला, साठ-सत्तर मैलांवर. हायवेवर काही जाणवलं नाही. युटिका गावाजवळ नदीच्या खोऱ्याकडे उतरताना पुढची व्हॅन अचानक थांबली. मी ब्रेकवर उभाच राहिलो. मागून कोणीतरी ढकलतंय असं वाटलं. गाडी थांबली ती व्हॅनपासून हातभर अंतरावर. तिच्या मागच्या काचेतून चाइल्ड सीट दिसत होती. मी "बापरे" म्हणालो, बायको काहीच बोलली नाही.

कॅम्पग्राउंडवर शेजारच्या आजोबांनी सहज विचारलं, "ब्रेक कंट्रोलर कुठला वापरता?" तेव्हा उजेड पडला. अ‍ॅडॅप्टरचं पाकीट अजून डॅशबोर्डमध्ये होतं. त्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं: फक्त दिव्यांसाठी. मित्राला फोन केला. रविवारी सकाळी तो पिकअप घेऊन आला आणि कॅम्पर ओढून घेऊन गेला. एवढंच म्हणाला, "तू 'हो' म्हणाला होतास ना रे?"

आता माझा प्रश्न तुम्हाला. काहीच झालं नाही, तर माझी चूक किती?

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी 'मॉरल लक', म्हणजे नैतिक दैव, या विषयावर लिहिलं. नेगलने दिलेलं एक उदाहरण वाचून मी हबकलो. ब्रेक तपासून न घेतलेला एक ट्रकचालक, आणि समोर आलेलं मूल. मूल आलं तर तो आयुष्यभर स्वतःला दोष देईल. तेवढाच हलगर्जीपणा करणाऱ्या दुसऱ्या चालकासमोर कोणी आलं नाही, तर तो घरी जाऊन जेवेल. दोघांची चूक सारखीच, पण जग दोघांना सारखं मोजत नाही. तो जेवणारा चालक मी.

फळ आपल्या हातात नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण ते वाक्य आपण बहुतेक वेळा स्वतःचं सांत्वन करायला वापरतो. त्याची दुसरी बाजू कडक आहे. फळ हातात नसेल, तर चांगल्या फळाचं श्रेयही माझं नाही. ते हातभर अंतर मी कमावलेलं नव्हतं. माझ्या हातात होतं ते एकच: मित्राच्या प्रश्नावर "म्हणजे काय?" असं विचारणं. तेवढं मी केलं नाही. 'मला माहीत नव्हतं' हे खरं आहे, पण विचारायची संधी मला मिळाली होती. म्हणून त्या अज्ञानाला मी निरपराध म्हणत नाही.

हे तीन वर्षांनी का लिहितोय? गेल्या महिन्यात आमच्या इथल्या ग्रुपवर एका नव्या कुटुंबाने विचारलं, "चार-ते-सात अ‍ॅडॅप्टर कोणाकडे आहे का? कॅम्पर भाड्याने घेतोय." माझा गॅरेजमध्ये होता. अ‍ॅडॅप्टर वाईट नसतो. ब्रेक नसलेल्या हलक्या ट्रेलरला तो पुरतो. "आहे, घेऊन जा" हे लिहायला दोन सेकंद लागले असते. पण वजन किती, ब्रेक आहेत का, कंट्रोलर आहे का, हे विचारायचं तर मला हे कसं कळलं तेही सांगावं लागणार होतं. त्या सहलीचे फोटो मी याच ग्रुपवर टाकले होते, ते नुसते हसरे.

अर्धा तास फोन हातात धरून बसलो. मग सगळं लिहिलं, व्हॅन आणि चाइल्ड सीटसकट. त्या गृहस्थांनी कॅम्परवाल्यांना फोन करून वजन विचारलं आणि गाडीला सात पिनांचं सॉकेट आणि कंट्रोलर बसवून घेतला. सहल दोन आठवडे पुढे गेली.

तुम्हालाही कोणी असं काही विचारेल, तुम्हाला नीट न कळलेलं. "हो, हो, आहे" हे शब्द तोंडावर येतील. तेवढ्यात थांबा, आणि विचारा, "म्हणजे काय?"