रात्र पाडताना

मराठीत रात्र पडते. पाऊस पडतो, दव पडतं, थंडी पडते, तशीच रात्र. तिच्यासाठी कुणाला हात हलवावा लागत नाही. मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा दिवसही साधारण सव्वातेरा तासांचा. बाकीचा काळोख फुकटात मिळतो. नॉर्वेच्या उत्तरेत, ट्रोम्सोच्या आसपास, आम्ही दोघं भाड्याच्या मोटारहोममधून आठ दिवस हिंडलो, तेव्हा कळलं की हे क्रियापद तिथं चालत नाही. तिथं रात्र पाडावी लागते.

ट्रोम्सो आर्क्टिक वृत्ताच्याही सुमारे साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला. साधारण 20 मे ते 22 जुलै तिथं सूर्य मावळतच नाही. मध्यरात्री तो उत्तरेला खाली येतो, पाण्याला टेकतोय असं वाटतं, आणि पुन्हा वर सरकतो. पहिल्या दिवशी रात्री बारा वाजता लोक निवांत मासे धरत बसलेले पाहून आम्हीही चहा टाकला. तिसऱ्या दिवशी मात्र डोळे चुरचुरायला लागले.

गाडीत पलंग मागच्या बाजूला, डोक्यावर छताचा झरोका. प्रत्येक खिडकीला दोन घडीचे पडदे: एक काळोखाचा, एक मच्छरजाळीचा. दोन्ही ओढले की झालं, असं वाटलं होतं. पण चौकटीच्या कडेला केसाएवढी फट राहिली आणि तिच्यातून उजेडाची एक रेघ आत आली. आपल्याकडे अशी रेघ दुपारी येते नि संध्याकाळी जाते. ही जाईना. सूर्य तासाला पंधरा अंश फिरत राहिला आणि त्याच्याबरोबर ती भिंतीवरून पांघरुणावर आली, तिथून माझ्या उशीवर.

डोळे मिटले तरी भागत नाही, याचं कारण डोळ्यांतच आहे. पाहण्याशी फारसं देणंघेणं नसलेल्या काही पेशी आपल्या दृष्टिपटलात असतात. त्यांत मेलानोप्सिन नावाचं द्रव्य असतं, निळसर उजेडाला ते विशेष जागं असतं. या पेशींचं काम 2002च्या सुमाराला नीट उलगडलं. समोर झाड आहे की माणूस, याची त्यांना फिकीर नाही. ‘बाहेर दिवस आहे’ एवढाच निरोप त्या मेंदूतल्या घड्याळाला देतात. निरोप पोचला की झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन अडतं.

मग आम्ही कामाला लागलो. पुढच्या काचेला चंदेरी जाड पडदा रबरी वाट्यांनी चिकटवला. खिडकीच्या कडांना काळ्या कापडाच्या वळकट्या दाबल्या. झरोक्याशी मात्र अडलो. त्याच्या चौकटीत हवेसाठी मुद्दाम फट ठेवलेली असते. एवढ्याशा डब्यात दोन माणसं झोपणार, तिथंच गॅसवर स्वयंपाक होणार. ती बुजवणं म्हणजे जिवाशी खेळ. हवा हवी तर उजेडही घ्या, असा तो सौदा. शेवटी बायकोनं तिची काळी ओढणी झरोक्याखाली वीतभर अंतरावर, झुल्यासारखी बांधली. हवा वळसा घेऊन येते, उजेडाला वळता येत नाही. त्या रात्री सात तास झोप लागली.

लोकमान्य टिळकांनी 1903 साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात वेदकर्त्यांचं मूळ घर याच उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात असल्याचं मांडलं. देवांचा दिवस सहा महिन्यांचा आणि रात्रही तेवढीच, ही जुनी समजूत त्यांनी एक पुरावा म्हणून घेतली. आज संशोधक तो सिद्धांत मानत नाहीत. पण त्या झरोक्याखाली पडल्यापडल्या मला त्याची आठवण झाली, आणि शेजारच्या मोबाइलवर पंढरपूरची वारी दिसत होती. आषाढीला आपले देव चार महिने झोपायला जातात, आणि इथं सूर्य डोळा मिटायला तयार नाही.

अंधाराशी आपलं नातं तसं वाकडंच. दिवेलागणीला आपण हात जोडतो. दिवा विझला असंही म्हणत नाही, शांत झाला म्हणतो. कुणाला अंधारात ठेवलं म्हणजे फसवलं. उजेड करणं पुण्याचं, पण अंधार करून देणंही कधी पुण्याचं असतं, हे आपण क्वचितच बोलून दाखवतो.

मला तरी ते पूर्वीच कळायला हवं होतं. वडील गिरणीत रातपाळीला असत. सकाळी येऊन अंघोळ करून झोपत. चाळीतली एकच खोली, गॅलरीकडची खिडकी सताड उन्हात. आई तिच्यावर घोंगडी टांगायची. आम्ही भावंडं पुस्तकं घेऊन जिन्यात बसायचो. शेजारच्या मावशी रेडिओ बारीक करायच्या. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून डाळ पातेल्यात शिजायची. बाबांची रात्र अशी निम्म्या चाळीनं मिळून पाडलेली असायची. तेव्हा तो मला जाच वाटायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळ सोडून जिन्यात बसायचं म्हणजे काय!

शेवटच्या दिवशी जाग आली तेव्हा आत मिट्ट काळोख होता आणि बायको जागेवर नव्हती. दार उघडलं तर लख्ख उन्हात ती पायरीवर बसलेली, अंगावर शाल, हातात थर्मासमधला गार झालेला चहा. पहाटे चारलाच उठली होती म्हणे. आत का नाही बसलीस, विचारलं. म्हणाली, "पडदा सरकवला असता तर तुझी रात्र मोडली असती."