गावची खोली

1896 साली मुंबईत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या वस्त्यांची काळजी सरकारला वाटू लागली. पुढे 1920 साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजे लोकांच्या तोंडी बीडीडी, स्थापन झालं. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवून 50 हजार खोल्या बांधायचा बेत होता. तो सोळा हजारांवरच थांबला. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड मिळून 207 चाळी उभ्या राहिल्या. तळमजल्यावर तीन मजले, प्रत्येक चाळीत 80 खोल्या, खोली 160 चौरस फुटांची, संडास सामाईक. भाडं मात्र गिरणी कामगाराला न झेपणारं, म्हणून कित्येक चाळी सुरुवातीला ओसच पडल्या होत्या.

एकट्याला झेपेना ते गावाने मिळून झेपवलं. संगमेश्वरकडच्या एका गावाने डिलाईल रोडला अशीच एक खोली धरली. दहा-पंधरा जण वर्गणी काढून भाडं भरायचे. भिंतीला प्रत्येकाची ट्रंक, वर खुंटी, कोपऱ्यात वळकटी. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा व्हायचा. गावाहून नवा पोरगा आला तर त्याला नोकरी लागेपर्यंत वर्गणी माफ. भाडेपावतीवर एकाचंच नाव चालायचं. पुढे ते दिनकरच्या वडिलांचं, आबांचं लागलं.

हळूहळू बाकीच्यांनी नालासोपारा, विरारला आपापली घरं केली. आबांचा संसार तिथेच होता. गावकीने सांगितलं, “तुम्ही राहा. मात्र गावचं माणूस आलं तर त्याला आसरा द्यायचा.” आबा गेले, पावती दिनकरच्या नावावर झाली. मग म्हाडाचा पुनर्विकास आला. पात्रता यादीत दिनकरचं नाव लागलं आणि 160 फुटांच्या बदल्यात 500 चौरस फुटांचं, मालकी हक्काचं घर मिळालं.

आनंदाच्या जोडीला धास्तीही होती. गाव आता वाटा मागेल का? दिनकर एका पेढीवर हिशेबनीस. त्याने वकिलाला गाठलं. वकील म्हणाला, “कागद तुमच्या बाजूने आहेत. कुणाचा काही हक्क लागत नाही.” दिनकर निर्धास्त झाला.

नव्या घरी पहिल्याच रविवारी गावकीचे तात्या विरारहून आले. हातात पेढ्यांचा पुडा आणि लाल कापडी बांधणीची जाडजूड वही. दिनकरने सावधपणे विचारलं, “तात्या, ही कशाला आणलीत?”

“खोलीची वही ती. खोलीच राहिली नाही, मी कुठे सांभाळू? तुझ्याकडे असू दे.”

चहा होईपर्यंत दिनकर सवयीने पानं चाळू लागला. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांत आबाही होते. फेब्रुवारीच्या पानावर आबांच्या नावापुढे रक्कम कोरी होती आणि शेजारी लिहिलं होतं, ‘गावातर्फे’. मार्चला तेच, एप्रिललाही तेच. गोदीत कामाला असलेले दोघे आणि पोस्टातला एक, या तिघांच्या नावापुढे दुप्पट वर्गणी. मधेच एक ओळ: ‘गावाहून तांदूळ आले, आबांच्या घरी दिले.’ संप चिघळला, आबांची गिरणी परत सुरू झालीच नाही; वहीत ‘गावातर्फे’ मात्र पानामागून पान चालूच होतं.

वकिलाने पावती पाहिली होती. ती जिवंत कुणी ठेवली हे वहीत होतं.

दिनकरने खिशातलं पेन काढलं. “तात्या, बेरीज करतो. व्याजासकट गावकीत जमा करतो.”

तात्यांनी वहीवर हात ठेवला. “पैसे दिलेस की खातं बंद होईल. गावाला ते बंद करायचं नाही. त्या गोदीवाल्यांची पहिली वर्षं तरी कुणी भरली होती? त्यांच्या आधीच्यांनी. कुणी कुणाचं फेडलं नाही रे, पुढच्याचं भरलं.”

दिनकर बराच वेळ काही बोलला नाही. मग बायकोला हाक मारून म्हणाला, “अगं, बाहेरच्या खोलीतला दिवाण गावच्या माणसांसाठी ठेवू या. टाटा आणि केईएम इथून जवळच. उपचाराला येणाऱ्यांची फार परवड होते.”

ती म्हणाली, “ठेवू की. पण दिवाणावर एकच मावेल. सोबतच्या माणसासाठी एक गादी घ्यावी लागेल.”

पुढच्याच महिन्यात गावाहून एक म्हातारी नातवाला घेऊन टाटाला आली. चार दिवस राहिली. निघताना तिने पदराची गाठ सोडून पैसे पुढे केले. दिनकरने ते तिच्याच मुठीत परत ठेवले, वही उघडली, तिचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, ‘गावातर्फे’.

तात्पर्य: इमारत सरकार बांधतं, घर कागदाने मिळतं, पण वस्ती टिकते ती मागच्याचं देणं पुढच्याला देणाऱ्यांमुळे.