चाकावरची काळी भुकटी

मोटारीच्या चाकावर, त्यातही पुढच्या दोन चाकांवर, आठ-दहा दिवसांत एक काळपट भुकटी साचते. ती रस्त्याची धूळ नव्हे. आमच्या फोंड्याची माती तांबडी; तिचा डाग निराळा, आणि तो तांब्याभर पाण्याने निघतो. ही भुकटी तशी निघत नाही. बोट लावले तर काजळासारखी पसरते आणि बरेच दिवस राहू दिली तर चाकाच्या चकाकीवर कायमचे ठिपके पाडते. ही ब्रेकची भुकटी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शस्त्रांच्या जागी आता आपण गाड्या पूजतो. त्या दिवशी घरोघर गाडी धुताना सर्वांत जास्त वेळ खाते ती हीच. इतक्या क्षुल्लक वस्तूवर दिवाळी अंकात लिहावे काय, असे कुणी विचारील. पण तिच्यात मला एक नैतिक प्रश्न दिसतो, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ती येते कोठून ते पाहू. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी ओतीव लोखंडाची एक तबकडी असते. पायाखालचे पेडल दाबले की दोन बाजूंचे पॅड तिला चिमटीत धरतात. घर्षण होते, धावत्या गाडीतली शक्ती उष्णतेत बदलते, आणि गाडी थांबते. या झटापटीत तबकडीही झिजते, पॅडही झिजतात. त्या झिजेत लोखंड असते, पॅडच्या बनावटीप्रमाणे तांबे, अँटिमनी, बेरियम असते. पूर्वी अॅस्बेस्टॉसही सर्रास असे. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो, थांबवण्याचे बरेचसे काम पुढच्या चाकांवर पडते, म्हणून भुकटीही तेथेच जास्त. मागच्या चाकांना पुष्कळ गाड्यांत ड्रम असतात. त्यांची झीज डब्यात ठेवल्यासारखी आत साचते आणि दिसत नाही, इतकेच.

फोंड्यातल्या एका गॅरेजवाल्याने ही सगळी पदार्थविज्ञानाची कथा मला कोकणीत एका वाक्यात सांगितली होती: "गाडी धांवतना पेट्रोल जळटा, रावतना पॅड झरतात." धावण्याला किंमत पडते हे आपण सगळेच जाणतो, कारण ती पंपावर रोख मोजावी लागते. थांबण्यालाही किंमत पडते, आणि ती या भुकटीच्या रूपाने चाकावर लिहिलेली असते.

आता ती धुण्याची रीत. चाक थंड होऊ द्यावे. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या तबकडीवर थंड पाणी ओतू नये. आधी भरपूर पाणी, मग साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश, एका वेळी एकच चाक. चाकांची बादली आणि फडके निराळे ठेवावे. कोरड्या फडक्याने घासू नये, कारण लोखंडाचे कण चाकावर चरे पाडतात. हवेच्या दाबाने ती उडवू तर मुळीच नये, ती नाकातोंडात जाते. जहाल आम्लाची औषधे झटपट काम करतात, पण चाकाचा मुलामा खातात. इतके सांभाळले की चाक पुन्हा चांदीसारखे होते.

पण चाक स्वच्छ झाले याचा अर्थ घाण संपली असा होतो काय? माझा प्रश्न नेमका येथे सुरू होतो. पाण्याबरोबर ती अंगणात उतरली, अंगणातून गटारात, गटारातून व्हाळात. आमचा तालुका मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांच्या मध्ये वसलेला. येथले पाणी शेवटी त्यांनाच मिळणार. बेळगावहून अनमोड घाटाने उतरणाऱ्या वाहनांचे ब्रेक मोल्यापर्यंत तापत येतात. त्या उतारावर सांडलेली झीज पावसाळ्यात ओहोळांतून खांडेपार नदीच्या खोऱ्यात येते, आणि याच खांडेपार नदीवर ओपा येथे फोंड्याला आणि पणजीला पाणी पुरवणारा प्रकल्प आहे. पाणी तेथे शुद्ध करूनच घरोघर जाते. नळाचे पाणी विषारी झाले, असली भीती मला घालायची नाही. सांगायचे ते एवढेच की 'टाकून दिली' या शब्दांना अर्थ नाही. टाकायला निराळी जागाच नाही.

एका गाडीच्या चिमूटभर भुकटीने काय होणार, असा आक्षेप येथे हमखास घेतला जातो. गोमंतकीय माणसाने तरी तो जपून घ्यावा. उसगाव-तिस्क, डिचोली-साखळी, सावर्डे-कुडचडे या पट्ट्यांत खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ आपण वर्षानुवर्षे पाहिली. ती झाडांवर बसली, घरांवर बसली, छातीत बसली. तिच्याविरुद्ध माणसे उभी राहिली, न्यायालयापर्यंत गेली. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या. पुढे लिलाव होऊन काही पुन्हा सुरू झाल्या, तो वाद निराळा. मुद्दा असा की तांबड्या धुळीला मालक होता. तिच्याकडे बोट दाखवता येत होते. काळी भुकटी चिमूट-चिमूट सर्वांची असते, म्हणून ती कुणाचीच राहत नाही. दुसऱ्याची धूळ ओळखायला डोळे पुरतात; आपली ओळखायला काही अधिक लागते.

मग गाडी धुऊच नये काय? तसे केल्याने काही साधत नाही. चाकावर दिसतो तो या झिजेचा केवळ एक भाग. बाकीची हवेत उडालेली असते किंवा रस्त्यावर पडलेली असते. आपण धुतले नाही तर पाऊस धुणारच आहे. चाक म्हणजे हिशेबाची वही. वही पुसली म्हणून देणे फिटत नाही, आणि पुसली नाही म्हणूनही फिटत नाही. देणे तयार झाले ते गाडी चालवताना.

आणि तेथेही सर्व भुकटी सारखी नव्हे. शाळेसमोर आडवे धावलेले मूल पाहून दाबलेला ब्रेक घ्या. त्याने झिजलेल्या लोखंडाबद्दल कुणालाही खंत वाटू नये. ती झीज पुण्याचीच म्हटली पाहिजे. पण फर्मागुढीच्या उतारावर पुढच्या बसला मागे टाकण्यासाठी वेग वाढवायचा आणि लगेच वळणावर करकचून ब्रेक दाबायचा, ही भुकटी कशाची? घाईची. वेग दुप्पट केला तर थांबताना ब्रेकला चौपट शक्ती जिरवावी लागते, हा साधा हिशेब आहे. संध्याकाळी दोन्ही भुकट्या चाकावर एकाच रंगाच्या दिसतात. कुठली गरजेची आणि कुठली हव्यासाची, हे धुणाऱ्याला कळत नाही. ते फक्त चालवणाऱ्याला ठाऊक असते. माणसाच्या आयुष्यातही मला हेच दिसते. जगायचे तर कुणाला ना कुणाला थोडी तोशीस पडतेच. निर्लेप जगणे कुणालाच शक्य नाही. म्हणून 'माझ्यामुळे घाण झाली काय?' हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. 'ती टाळता आली असती काय?' हा खरा प्रश्न.

या प्रश्नाचे उत्तर काही अंशी समाजानेही द्यायचे असते. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा करून ब्रेकच्या पॅडमधले तांबे टप्प्याटप्प्याने कमी करायला लावले: २०२१ पासून पाच टक्क्यांच्या आत, २०२५ पासून अर्ध्या टक्क्याच्या आत. कारण ते पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाऊन जलचरांना बाधत होते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या 'युरो ७' नियमांत ब्रेकच्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली: इंधनावरच्या बहुतेक मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, निव्वळ विजेवरच्यांना ३. विजेच्या गाड्यांत वेग उतरवण्याचे बरेचसे काम मोटरच करते, म्हणून त्यांचे ब्रेक कमी झिजतात. पण कायदा पॅडमधले तांबे ठरवील. पेडलवरचा पाय कायद्याला ठरवता येत नाही.

तो आपल्याला ठरवता येतो. चोर्ला किंवा अनमोड उतरताना गिअर खालचा ठेवावा, म्हणजे इंजिनच गाडी आवरते. पुढच्या वाहनापासून अंतर राखावे. चाके विहिरीच्या काठावर किंवा व्हाळाच्या पाण्यात उभी करून धुऊ नयेत. आपण पैसे देऊन गाडी धुवायला टाकतो तेथे बहुधा एखादा परगावचा पोरगा उकिडवा बसून चाके घासतो. त्याने आधी पाणी मारावे, कोरडी भुकटी झटकू नये, तोंडाला फडके बांधावे, हे त्याला सांगावे आणि त्यासाठी लागणारी दहा मिनिटे थांबावे. आपली घाई आपल्या चाकावर उरते तोवर ठीक. ती त्याच्या छातीत जाऊ नये.

नरकचतुर्दशीच्या पहाटे गोव्यात गावोगाव नरकासुर जळतात. घरी अभ्यंगस्नान होते, तुळशीपुढे कारीट फुटते, आपण शुचिर्भूत होऊन फोवांना बसतो. आणि चौकात नरकासुराच्या तारा, खिळे, अर्धवट जळालेल्या काठ्या पडून राहतात. त्या कुणीतरी उचलतो, तेव्हाच ती दिवाळी पुरी होते. चाकाचेही तसेच. ते चकाकले म्हणजे काम अर्धे झाले. उरलेले अर्धे पाय आवरण्याचे आहे, आणि ते रोजचे आहे.