पेल्यातले ढग

घरात एखादी वस्तू बिघडली की 'हे कशानं झालं?' असं कोणी विचारीत नाही. 'हे कोणी केलं?' असं विचारतात. दूध नासलं तर जंतूंचं नाव निघत नाही, पातेलं कोणी विसळलं होतं त्याचं निघतं. छत्रीची काडी मोडली तर वारा सुटतो, छत्री नेणारा सापडतो. कारणापेक्षा माणसाला आरोपी अधिक आवडतो. त्याला सुनावता येतं, तो उलट बोलतो, आणि त्यात एक संध्याकाळ बरी जाते. कारणाला काय सुनावणार?

या प्रश्नाचा मी जरा खोलात जाऊन विचार केला तो काचेच्या पेल्यांमुळे. आमच्याकडे भांडी धुण्याचं यंत्र आलं ते २०२० सालच्या टाळेबंदीनंतर. त्या काळात घरच्या घरी भांडी घासून पुष्कळ मध्यमवर्गीयांना यंत्रयुगाची थोरवी पटली, त्यातलेच आम्ही. यंत्र आलं म्हणून बाईंचं काम काही सुटलं नाही. पूर्वी त्या भांडी घासायच्या, आता यंत्रात लावायच्या. सोळा वर्षं त्या आमच्याकडे आहेत. आता त्या आमच्याकडे आहेत की आम्ही त्यांच्याकडे, हे सांगणं अवघड आहे.

यंत्रानं आमच्या स्टीलला जी झळाळी आणली ती पाहून आम्ही सुखावलो आणि लग्नातल्या आहेराचे सहा काचेचे पेले शोकेसमधून खाली उतरवले. तीस वर्षं ते नुसते दिसायला होते. वर्षभरात त्यांच्यावर ढग जमले. गंमत अशी की पेला ओला असताना अगदी निर्मळ दिसायचा. वाळला की त्यात आषाढ उतरायचा. आम्हाला त्याची सवय झाली होती. नवराबायकोला एकमेकांच्या चेहऱ्याची होते तशी.

पण मग मावशी आली. तिनं पाण्याचा पेला हातात घेतला, खिडकीकडे धरला, सराफ खडा पाहतो तसा फिरवून पाहिला आणि विचारलं, "भांडी कोण घासतं गं तुमच्याकडे?"

"मशीन घासतं," ही म्हणाली.

"मशीनला हात असतात होय? लावतं कोण?"

बाई तिथंच ओट्यापाशी होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ताटं लावली, वाट्या लावल्या, कढईसुद्धा लावली. पेले मात्र ओट्यावर जिथल्या तिथे. सहा पेले ओळीनं उभे, सहीविना दिलेल्या राजीनाम्यासारखे.

आमच्या हिनं पस्तीस वर्षं शाळेत शास्त्र शिकवलं आहे. अशा वेळी दुसरी कोणी बाईंची समजूत घालायला गेली असती. हिनं व्हिनेगरची बाटली काढली. एका पातेल्यात व्हिनेगर ओतून त्यात एकेक पेला दहा मिनिटं बुडवला, विसळला आणि कोरडा केला. चार पेले आहेराच्या दिवशी होते तसे लख्ख झाले. दोन मात्र होते तसेच राहिले. ही त्यांच्याकडे नापास मुलाच्या पेपराकडे पाहावं तसं पाहत होती. योगायोग असा की ते दोन माझ्या रोजच्या ताकाचे आणि तिच्या रोजच्या कोकम सरबताचे. सर्वांत लाडके, म्हणून दिवसातून दोनदा यंत्रात जाणारे.

मग मला एका रविवारी सगळं शास्त्र ऐकावं लागलं. ते मी थोडक्यात सांगतो, कारण मावशीच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

पेल्यावर दोन प्रकारचे ढग येतात आणि डोळ्यांना ते सारखेच दिसतात. पहिला ढग बाहेरून येऊन बसतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम बरोबर घेऊन येतं. आपण त्याला 'क्षार' म्हणतो आणि गिझर बिघडला की त्यांची आठवण काढतो. पाणी तापलं की ते पांढऱ्या पुटासारखे बसतात. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक म्हणतं की एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा. आमची सोसायटी बोअर आणि टँकरवर जगते, म्हणजे 'दुसरं पाणीच नसेल तर' या वर्गात मोडते. हा ढग आंबटाला शरण जातो. व्हिनेगर नसलं तर लिंबू चालतं.

दुसरा ढग बाहेरून येत नाही. तो ढगच नसतो, ती काचेची झीज असते. काच वाळू, सोडा आणि चुनखडी वितळवून करतात. ती पाण्याला दाद देत नाही असा आपला समज असतो. पण कडकडीत पाणी आणि यंत्राच्या पावडरीतला अल्कली यांनी वर्षानुवर्षं रोज धुतलं की तिच्या पृष्ठभागातून सोडियम निघून जातं, वाळूची वीणच कुरतडली जाते आणि डोळ्यांना न दिसणारे खड्डे पडतात. प्रकाश त्यात अडखळतो. ह्याला लिंबू नाही, व्हिनेगर नाही, नवस नाही. आणि खरी मौज पुढेच आहे. पाणी फार मृदू असेल, पावडर जास्त पडली असेल आणि भांड्यांना खरकटं अजिबात नसेल, तर ही झीज अधिक होते. पावडरीला खायला खरकटं मिळालं नाही की ती काचेला खाते.

म्हणजे ज्या पेल्यांची हेळसांड झाली ते लिंबानं सुधारले. ज्यांना आम्ही जिवापाड धुतलं ते कायमचे गेले. पिढ्यानपिढ्या सोवळं पाळणाऱ्या घरात हे रसायनशास्त्र सांगायची सोय नाही, म्हणून मी ते छापून टाकतो आहे.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे कोणाचीच चूक नाही?" तिच्या आवाजात अशी निराशा होती की मला वाईट वाटलं. भरलेलं कोर्ट, साक्षीपुरावे, आणि पिंजऱ्यात उभा कोण, तर कॅल्शियम!

मला वाटतं, ही आरोपी शोधायची हौस त्या यंत्राच्या जन्मापासूनच त्याला चिकटली आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात शेल्बीव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या जोसेफीन कॉक्रेन या बाईंनी २८ डिसेंबर १८८६ रोजी भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट मिळवलं. नोकर धुताना आपल्या किमती चिनी मातीच्या भांड्यांचे टवके उडवतात, अशी त्यांची तक्रार होती म्हणून सांगतात. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते यंत्र मांडलेलं होतं. त्याच वर्षी त्याच शहरात स्वामी विवेकानंद बोलले. एकाच गावात एकीकडे विश्वबंधुत्व आणि दुसरीकडे नोकरांच्या हातून भांडी सोडवण्याची सोय. प्रदर्शन पाहायला आलेल्या गृहिणींची गर्दी कुठं अधिक झाली असेल, हे मी विचारीत नाही.

बरं, यंत्र आलं म्हणून टवक्यांचा हिशेब मिटला म्हणावं, तर तेही नाही. अमेरिकेतल्या आमच्या भाच्याकडे यंत्राला उत्तम पाणी, उत्तम पावडर, आणि तरी पेले धुरकट. तिथं पूर्वी पावडरीत फॉस्फेट असायचं. ते क्षारांना धरून ठेवी. पण सांडपाण्यातून ते तळ्यांत जाऊन शेवाळ माजवी. म्हणून २०१० साली तिथल्या सोळा राज्यांनी ते जवळजवळ बंद केलं, २०१७ पासून युरोपनंही त्यावर कडक मर्यादा आणली. मासे वाचावेत म्हणून केलेल्या सत्कृत्याचं पुट पुष्कळांच्या पेल्यांवर बसलं. आता सांगा, इथं कोणाच्या नावानं बोटं मोडणार? माशांच्या?

कोणाचीच चूक नसलेलं नुकसान पचवायला फार जड असतं, असं माझं मत होत चाललं आहे. चूक कोणाची हे कळलं की नुकसान निम्मं होतं. उरलेलं निम्मं आपण त्या माणसाच्या पदरात टाकतो. म्हणून तर आपण कारण शोधण्याआधी माणूस शोधतो, आणि तोही शक्यतो असा, की जो उलट बोलणार नाही. मावशीनं यंत्र बनवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं नसतं. टँकरवाल्याला जाब विचारायची तर सबंध सोसायटीची छाती नाही, कारण तो उद्या आलाच नाही तर? उरलं कोण? ओट्यापाशी उभं असलेलं माणूस.

मावशीला मात्र हे मान्य नाही. तिचं म्हणणं, "मी कुठं आरोप केला? मी नुसतं विचारलं." हे खरंच आहे. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं. मराठी घरांतली निम्मी भांडणं त्या प्रश्नचिन्हाच्या आडोशाला लपून होतात.

मावशी गेल्यावर हिनं बाईंना चारही लख्ख पेले दाखवले, क्षारांचं सांगितलं, टँकरचं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "ते पाण्याचं झालं, ताई. मावशींनी विचारलं ते कुठल्या पाण्यानं?"

पस्तीस वर्षं शास्त्र शिकवलेली बाई निरुत्तर झालेली मी प्रथमच पाहिली.

पेल्यांपुरतं म्हणाल तर आता ठीक चाललं आहे. यंत्रात मृदू पाण्यासाठी एक कप्पा असतो. त्यातली राळ क्षार पकडून ठेवते आणि अधूनमधून मिठाच्या पाण्यानं स्वतः धुऊन निघते. त्यात यंत्राचं जाड मीठ भरतो, आयोडीनचं घरचं नाही. कठीणपणाचा आकडा आपल्या पाण्याप्रमाणे लावला आहे. शेवटच्या विसळण्यात पडणारं द्रव संपू देत नाही. त्यानं पाण्याचे थेंब न साचता ते सलग ओघळून जातं आणि डाग उरत नाहीत. पावडर बेतानं, काचेला कमी तापमान. फक्त एकच कलम अडलं आहे. भांडी आधी विसळू नका, असं बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी आमच्याकडे जी नजर टाकली तीत सोळा वर्षांची नोकरी पणाला लागली होती. खरकटं तसंच मशीनमध्ये? त्या विसळतातच. आम्ही बघत नाही.

त्या दोन झिजलेल्या पेल्यांना बाईंनी यंत्रातून कायमची सुट्टी दिली आहे. ते त्या हातानं धुतात, फडक्यानं कोरडे करतात आणि फळीवर वेगळे ठेवतात. दिवाळीला मावशी पुन्हा येते आहे. परवा बाई हिला म्हणाल्या, "मावशींना पाणी यातल्याच पेल्यात द्या हं ताई, हे माझ्या हातचे आहेत."

द्यावं की न द्यावं, यावर आमच्याकडे अजून चर्चा चालू आहे.