लावलेले झाड कोणाचे?



पावसाळा लागला की वृक्षारोपणाचे बेत सुरू होतात. खड्डे खणले जातात, पाहुण्यांच्या हस्ते रोप लागते, फोटो निघतो. शासनानेही १ जुलै २०१६ रोजी राज्यात एकाच दिवशी २ कोटी रोपे लावण्याचा संकल्प केला होता. पुढे २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटींचे उद्दिष्ट ठेवले गेले. आकडे वाढत गेले. प्रश्न मात्र जुनाच राहिला. एप्रिल महिन्यात त्या रोपाला पाणी कोण घालणार?

शहापूर-मुरबाडकडे हा प्रश्न साधा नाही. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातली. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातले कितीतरी पाडे टँकरची वाट पाहत बसतात. जिथे आईबहिणी डोक्यावर हंडे घेऊन चढण चढतात, तिथे रस्त्याकडेच्या कडुनिंबाला बादलीभर पाणी ओतणे हे पुण्य की चैन?

माणसाची तहान आधी, यात दुमत नको. पण म्हणून रोप मरू द्यावे, असे नाही. जेवढी जगवता येतील तेवढीच लावावीत, एवढाच त्याचा अर्थ. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी रोज कुठे जाते? बुडाला बारीक भोक पाडून त्यात कापडाची वात घातलेले मडके रोपाशेजारी पुरले, तर थोडके पाणीही मुळांना हळूहळू पुरते.

दुसरी गोष्ट आपण सहसा बोलत नाही. रस्ता सर्वांचा असतो, पण पालापाचोळा झाडायचे काम एकाच दारात येते. कुणाच्या दुकानाची पाटी झाकते, कुणाच्या ओट्याला मुळांनी तडा जातो. अशा माणसाने नको म्हटले की आपण त्याला स्वार्थी ठरवून मोकळे होतो. (विजेच्या तारांखाली उंच वाढणारे झाड लावून पुढे त्याचा शेंडा छाटणारेही आपणच!) त्याला आधी विचारणे हा केवळ शिष्टाचार नव्हे, तो त्याचा हक्क आहे. शिवाय पाणी घालणार तोच, कारण रोप त्याच्या उंबऱ्याशी आहे.

अंजिराच्या झाडाचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. मालक झाड तोडायला सांगतो, तेव्हा माळी एक वर्ष मागून घेतो. पण तो नुसती दया मागत नाही. भोवती खणण्याचे, खत घालण्याचे काम स्वतःच्या अंगावर घेतो. आपल्या वृक्षारोपणात पाहुणे पुष्कळ असतात, असा माळी क्वचितच.

तेव्हा यंदा खड्डे खणण्याआधी आळीत घरोघर जाऊन विचारू या. पाच घरे हो म्हणाली, तर पाचच खड्डे. सहावे रोप रोपवाटिकेतच राहू दे. तिथे त्याला निदान पाणी तरी मिळते.